शेतातलं दगडांचं रिंगण: थडगं, गवळ्यांचं गोठण की गुप्तधन?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगता येईल. तुमचं वावर नागपूर–काटोल रस्त्याच्या बाजूला, बरडाच्या, म्हणजे मुरमाड हलक्या जमिनीच्या, उतारावर आहे. तिथे काळ्या मोठ्या दगडांचं एक रिंगण आहे आणि मधला भाग जरा फुगीर आहे. आजी सांगते की गवळीराजाच्या काळात तिथे गुरं बसायची, तिथे नांगर घालायचा नाही आणि पोळ्याला नैवेद्य ठेवायचा. थोरल्या काकांना ती जागा सपाट करून मुरूम काढायचा आहे. एका पाहुण्याने खाली गुप्तधन असल्याचं डोक्यात भरवलं आहे. त्यात शेजारच्या धुऱ्यावरचे (बांधावरचे) असेच दगड हलवल्यावर जेसीबीवाला आजारी पडला, म्हणून घरात भीतीही आहे. तुम्ही विचारता: हे खरंच प्राचीन थडगं आहे का, आणि या गोष्टींत तथ्य किती?

मला यात तीन प्रश्न दिसतात. खाली काय आहे, हा पहिला. लोक जे सांगतात त्याचं काय करायचं, हा दुसरा. तिसरा तुम्ही विचारलेला नाही, पण घाई त्याचीच आहे: जेसीबी यायच्या आधी काय करायचं. विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या मोठ्या दगडांच्या रिंगणांच्या, सर्वेक्षणात आणि उत्खननात माझं बरंचसं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे मत ठामपणे देतो. पण जागा पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, हेही तितकंच खरं.

आधी ओळख. नागपूर जिल्ह्यात दगडांचं रिंगण म्हणजे शिळावर्तुळच असेल असं नाही. शेतकरी पिढ्यानुपिढ्या वेचलेले दगड एका कडेला रचतो, जुन्या खळ्याभोवती दगड असतात, गुरांच्या वाड्याचं कुंपण पडून त्याचा गोल उरतो. मी पहिल्यांदा दगडाचा आकार बघतो. वेचलेला दगड एका-दोघा माणसांनी उचलण्याइतका असतो. शिळावर्तुळाचे दगड हलवायला पहार, दोर आणि बरीच माणसं लागली असणार, आणि ते एकाला एक लागून, जमिनीत थोडे रुतवून बसवलेले असतात. मग मधला भाग बघतो. तिथे गोटे आणि मुरूम यांची भर असते, म्हणून तो आजूबाजूपेक्षा उंच वाटतो आणि पावसाळ्यानंतर तिथलं गवत वेगळं दिसतं. व्यास साधारण दहा ते वीस मीटर भरतो, कधी कमी, कधी जास्त. आणि जागा बहुतेक वेळा बरड असते, पिकाऊ काळ्या जमिनीच्या वर, पण पाण्यापासून फार लांब नाही. चांगली जमीन जिवंत माणसांसाठी आणि मुरमाड उतार मेलेल्यांसाठी, अशी वाटणी त्या लोकांनी केली होती असं मला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे.

आणखी एक खूण आहे, पण ती प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले असतात. तुमच्यापासून जवळच, जुनापाणीला, ते बघता येतात. तिथे सुमारे तीनशे वर्तुळं नोंदली गेली आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही अभ्यासकांनी या खळग्यांचा संबंध आकाशातल्या दिशांशी असावा असं सुचवलं आहे. मला ती सूचना विचार करण्यासारखी वाटते, पण ती सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, तुमच्या दगडांच्या बाहेरच्या बाजू नीट बघा. दुपारच्या उन्हात हे खळगे दिसतच नाहीत.

तुम्ही केलेलं वर्णन आणि ठिकाण धरलं तर ते शिळावर्तुळ असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तसं असेल तर खाली साधारण काय असतं ते सांगतो, कारण गुप्तधनाचं उत्तर त्यातच आहे.

ही वर्तुळं लोहयुगातली, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते इ.स.पू. ३०० या काळातली. १९६८-६९मध्ये डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं. टाकळघाटला वस्ती होती आणि खाप्याला दफनं, त्यामुळे एकाच लोकांचं जगणं आणि मरण दोन्ही समोर आलं. पुढे १९७०-७२मध्ये माहूरझरी, नंतर नायकुंड, हिंगण्याजवळचं रायपूर, भागीमोहारी अशी कामं झाली. सगळीकडे रचना थोडी वेगळी, पण आराखडा तोच: जमिनीत खड्डा किंवा जमिनीवरच मांडणी, त्यात हाडं, मडकी आणि वस्तू, त्यावर बाहेरून आणलेल्या काळ्या चिकणमातीचा थर, त्यावर गोटे-मुरूम, आणि भोवती मोठ्या दगडांचं कडं. बरडावर काळी माती आपोआप येत नाही. कोणीतरी ती खालून टोपल्यांनी वाहून आणली. उत्खननात तो थर लागला की किती हातांनी मिळून हे केलं असेल, हा विचार मला प्रत्येक वेळी थांबवतो.

वस्तू म्हणाल तर आतून काळी आणि बाहेरून लाल भाजलेली मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), खंजीर, भाले. कुऱ्हाडीचं पातं दांड्याला आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यासुद्धा मिळतात, आणि त्या पाहिल्या की हे लोक लोहारकामात किती तरबेज होते ते कळतं. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. माहूरझरीला अकीक आणि तत्सम दगडांचे मणी घडवले जात. घोड्याचं स्थान फार मोठं होतं: लोखंडी लगाम, तांब्याच्या पातळ पत्र्याचे घोड्याच्या चेहऱ्यावरचे अलंकार आणि काही ठिकाणी माणसाच्या शेजारी घोड्याची हाडं, तीही कापल्याच्या खुणा असलेली.

आता सोनं. काही दफनांत ते मिळालं आहे, नाही असं नाही. पण ते मणी आणि पातळ पत्र्याच्या तुकड्यांच्या रूपात. हंडे, मोहरा, पेट्या यातलं काही नाही. नाण्यांचा विचारही करू नका, ही प्रथा आपल्याकडे नाणी रुळायच्या आधीची आहे. बहुतेक वर्तुळांत गंजलेलं लोखंड आणि फुटकी मडकीच असतात, आणि त्यांना बाजारात कवडीची किंमत नाही. किंमत आहे ती कुठली वस्तू कशाच्या शेजारी, कुठल्या थरात, कुठल्या दिशेला होती याला. लगाम माणसाच्या डोक्याशी होता की घोड्याच्या जबड्यात, यावरून आपण एका समाजाबद्दल बोलू शकतो. जेसीबीच्या एका फाळाने लगाम वाचेल कदाचित, पण ते ज्ञान परत येणार नाही.

‘थडगं’ या शब्दाबद्दल थोडी सावधगिरी ठेवा. अनेक वर्तुळांत पूर्ण सांगाडा नसतो, हाडांचे तुकडे असतात. म्हणजे मृतदेह आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक हाडं इथे पुरली असावीत. काहींत हाडंच सापडत नाहीत, तेव्हा ते स्मारक म्हणायचं की हाडं मातीत विरली म्हणायचं, हे त्या त्या जागेवर ठरतं.

इथपर्यंतचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: बहुधा प्राचीन दफन, श्रीमंती लोखंडाची आणि श्रमाची, पाहुणा सांगतो तसं गुप्तधन नाही.

आता आजीच्या गोष्टीकडे येतो. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण माझ्याच क्षेत्रातले लोक हिला चटकन बाजूला सारतात.

गवळ्यांची गोष्ट तुमच्या घरापुरती नाही. गवळीराजाची परंपरा विदर्भात दूरवर पसरलेली आहे. जुने तलाव, गढ्या, किल्ले यांचं श्रेय लोक गवळ्यांना देतात. गाविलगडाच्या जागी पूर्वी गवळ्यांची गढी होती असंही सांगतात. दक्षिणेत गेलात की अशाच रचना वेगळ्या लोकांच्या नावावर लागतात. कर्नाटकात हिरेबेणकलच्या दगडी घरांना लोक मोरेर नावाच्या बुटक्या माणसांची घरं मानतात. तमिळ मुलुखात आणि केरळात पांडवांचं नाव येतं, आपण नाही का लेण्यांना पांडवलेणी म्हणतो. तात्पर्य इतकंच की ज्यांनी हे केलं त्यांची नावं विसरली गेली, आणि प्रत्येक प्रदेशाने आपल्या ओळखीच्या जुन्या माणसांना ती जागा बहाल केली.

मग गवळीच का? माझं स्वतःचं मत सांगतो. ही बरडं शतकानुशतकं चराईची जमीन होती. ज्यांनी ही रिंगणं रोज पाहिली, त्यांच्या सावलीला बसले, दगडांवर टेकले, ते गुराखी होते. गुरं गोलात बसतात, वाडा गोल असतो, म्हणून रिंगण म्हणजे गोठण. ही कल्पना मला भाबडी वाटत नाही, ती डोळ्यांनी पाहिलेल्या जगातून आलेली आहे. पण ती अडीच हजार वर्षांची आठवण आहे असं कोणी म्हणालं तर मी मानणार नाही. एवढ्या काळात त्या भूमीवरून किती भाषा, किती राज्यं, किती वस्त्या सरकल्या. लोककथा खाली काय पुरलंय ते सांगत नाही. ती पुरल्यानंतर वर काय घडलं ते सांगते: कोण इथे आलं, कोणाला ही जागा कशी वाटली, आणि तिच्याशी कसं वागायचं ठरलं.

आणि असल्या कथा केवळ गावात तयार होतात असं नाही. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या इंग्रजांनी याच वर्तुळांना शक लोकांची, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या घोडेस्वारांची, थडगी ठरवलं होतं. त्यांना आपल्या देशातली दगडी रिंगणं माहीत होती, म्हणून तिथलं नातं इथे जोडलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस कमिशनर राहिलेल्या रिव्हेट-कार्नॅकने जुनापाणीची वर्तुळं उघडली, वाटीसारखे खळगे टिपले आणि १८७९मध्ये त्यावर लिहिलं. त्याच्या नोंदी आजही उपयोगी आहेत. त्या काळचा शकांचा तर्क मात्र टिकला नाही. आजीने गवळी पाहिले, साहेबांनी शक. दोघांनीही अनोळखी गोष्टीला ओळखीचं नाव दिलं.

याच मुद्द्याला धरून माडिया गोंडांचा उल्लेख करायला हवा. गडचिरोलीतल्या भामरागडच्या भागात मृत माणसासाठी दगड उभा करण्याची प्रथा आजही जिवंत आहे, त्याला उरसकल म्हणतात. ते पाहून काहीजण लगेच म्हणतात की शिळावर्तुळं गोंडांनीच उभारली. मी असं म्हणत नाही, मधल्या काळाचा पुरावा जोडता आलेला नाही. पण मेलेल्या माणसासाठी अख्खं गाव मिळून दगड का ओढून आणतं, हे समजून घ्यायचं असेल तर त्या माणसांकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि ते आदराने शिकायला हवं.

शाप आणि आजारपण. जेसीबीवाल्याला काय झालं ते मला माहीत नाही, आणि भर उन्हात धुळीत काम करणारा माणूस आजारी पडायला शापाची गरज नसते. पण या भीतीला एक खरा प्रसंग जोडता येतो, म्हणून सांगतो. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटला गेले होते. मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल सोबत होते, आणि काम होतं याच दगडी वर्तुळांचं. परतताना हिस्लॉप एकटे मागे राहिले, वाटेतला नाला पुराने भरला होता, घोड्यावरून तो ओलांडताना ते बुडाले. ऐकताना कोणालाही वाटेल की जागेनं बळी घेतला. पण महिना बघा: पावसाळ्याचे दिवस, अंधार पडलेला, फुगलेला नाला. अशा नाल्यात विदर्भात आजही माणसं जातात, त्यांनी कुठलंही थडगं उकरलेलं नसतं. आणि रिव्हेट-कार्नॅक इतकी वर्तुळं उघडूनही १९२३पर्यंत जगला. मी आणि माझ्यासोबतचे मजूर कित्येक हंगाम या मातीत बसलो आहोत. त्रास झाला तो विंचवांचा आणि उन्हाचा.

तरीही आजीचा नांगर न घालण्याचा नियम मी मनापासून मानतो. शापाची भीती खरी नसेल, पण त्या नियमामुळेच तुमच्या शेतातलं रिंगण आजवर टिकलं. शेजारच्या धुऱ्यावरचं गेलं, तिथे हा नियम सांगणारं कोणी उरलं नव्हतं, एवढाच फरक. नागपूरच्या आसपास मुरमाच्या खाणी आणि ले-आउट यांनी किती वर्तुळं खाल्ली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याचं मला फार दुःख आहे. पोळ्याचा नैवेद्य चालू ठेवा. दगडांना शेंदूर आणि तेल मात्र लावू नका, खळगे बुजतात.

गुप्तधनाच्या कथेबद्दल माझं मत वेगळं आहे. ही कथा जागा वाचवत नाही, जागा आणि माणूस दोघांनाही बुडवते. पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसाला जमिनीतलं धन दिसतं, नाग राखण करतो, अमुक बळी दिला की वाट मोकळी होते, हे सगळं सांगणारे पुढे पैसे मागतात, आणि काही वेळा त्याहून भयंकर काही. महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत. शिवाय १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं मिळालं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पाहुण्याला हे दोन्ही कायदे शांतपणे सांगा.

आता तुमच्या मनातली खरी धास्ती, जी काकांच्या मनात नक्की असणार: कळवलं तर जमीन जाईल का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नुसतं वर्तुळ असल्याने जमीन आपोआप सरकारजमा होत नाही. नागपूर जिल्ह्यातली बरीच शिळावर्तुळं केंद्रीय संरक्षित आहेत. तुमचं त्या यादीत आहे का, ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळात गट क्रमांक दाखवून विचारता येतं. यादीत असेल, किंवा संरक्षित जागेला लागून असेल, तर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट येते. शेतीचं म्हणाल तर १९५८च्या कायद्यातच सवलत आहे: एक फुटापेक्षा खोल माती उकरावी लागत नसेल तर संरक्षित क्षेत्रातही लागवड करता येते. तूर, पऱ्हाटी (कापूस) घेणाऱ्याला यात फारसं अडत नाही. मुरूम काढणाऱ्याला अडतं.

यादीत नसेल तर कायद्याचा आधार कमी आणि तुमची जबाबदारी जास्त. तरी राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही या भागात खूप काम केलं आहे. पत्रासोबत गट क्रमांक, मोबाइलवरून काढलेलं जीपीएस स्थान आणि फोटो द्या. फोटोत एखाद्या दगडाशेजारी काठी किंवा माणूस उभा करा म्हणजे आकार कळतो, आणि एक फोटो दूरच्या उंचवट्यावरून घ्या. दगड हलवू नका, माती झाडू नका, खापरं वेचून घरी आणू नका. पावसाने उघडं पडलेलं खापर दिसलं तर जागेवरच फोटो घ्या.

आजी आहेत तोवर आणखी एक काम करा, ते माझ्यासाठी पुरातत्त्वाइतकंच महत्त्वाचं आहे. त्यांची गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांच्याच बोलीत, मध्ये न टोकता. मग विचारा: ही तुम्हाला कोणी सांगितली, माहेरी की सासरी? तिथे काय करायचं नाही, आणि केलं तर काय होतं? कोणी केलं होतं का, कोण, केव्हा? नियम, कथा आणि घडलेला प्रसंग या तीन गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडी एकत्र येतात, त्या नंतर वेगळ्या लिहा. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्यालाही विचारा. बरडावर अजून कुठे कुठे अशी रिंगणं आहेत किंवा होती, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. आमच्या सर्वेक्षणात नव्या जागा अशाच कळत आल्या आहेत.

काकांना मुरूम हवाच असेल तर भांडू नका. गौण खनिजाची परवानगी तहसीलमधून घ्यावीच लागते, तेव्हा त्यानिमित्ताने जागा आधी ठरवून घ्या. मात्र ‘रिंगण सोडून बाजूचं खोदतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. ही वर्तुळं सहसा एकटी नसतात, आणि बाजूच्या वर्तुळाचे दगड आजोबा-पणजोबांच्या काळातच धुऱ्याला किंवा विहिरीच्या बांधकामाला गेलेले असू शकतात. मग वर फक्त एक किंचित फुगीर, गोट्यांचा गोल उरतो. खोदायची जागा ठरवण्याआधी सगळं बरड उन्हाळ्यात, गवत वाळल्यावर, एकदा पायी फिरा आणि असे गोल दिसले तर त्यांचेही फोटो पाठवा.